धूम्रपान सोडण्यास झाडपाल्याचे साह्य : कितपत व कसे?

प्राथमिक शिक्षकाचे कार्य शाळेच्या चार भिंतींत संपत नाही. खेड्यात तो अर्ज लिहून देतो, शासकीय पत्र वाचून दाखवितो आणि अडल्यानडल्यास चार शब्द सांगतो. पालकसभा आटोपली, मंडळी पांगू लागली, म्हणजे एखादा पालक मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "गुरुजी, विडी सुटावी म्हणून एखादे झाडपाल्याचे औषध ठाऊक आहे काय?" विचारणारा मनुष्य बहुधा खोकत असतो. त्याच्या खिशात विड्यांचा कट्टा असतो, घरात शाळेत जाणारी मुले असतात आणि मनात सोडण्याची इच्छा असते. कित्येकदा हाच प्रश्न आपल्यापैकी एखादा शिक्षकबंधू स्वतःलाच विचारीत असतो; मात्र तो कोणाला बोलून दाखवीत नाही.

या प्रश्नास सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. "झाडपाल्याने काही होत नसते, मनाचा निग्रह पाहिजे," हे पहिले. "निसर्गाचेच औषध आहे, घेऊन पाहा, अपाय काय व्हायचा आहे?" हे दुसरे. पहिल्या उत्तराने विचारणारा हिरमुसला होऊन परत जातो व विडी पेटवितो. दुसऱ्याने तो पुडी विकणाऱ्याच्या हाती सापडतो व प्रसंगी जिवास मुकण्याचाही संभव असतो. ही दोन्ही उत्तरे टाळून शिक्षकाने खरे व उपयोगी असे काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यसनाची दोन मुळे

कोणत्याही उपायाची पारख करण्यापूर्वी रोगाचे स्वरूप समजले पाहिजे. धूम्रपानाच्या व्यसनास दोन मुळे आहेत.

पहिले मूळ शरीरात आहे. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. ते तंबाखूतून प्रथम वेगळे काढले जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान या दोघांनी, १८२८ साली. विडीचा झुरका घेतल्यावर धुराबरोबर हे द्रव्य फुप्फुसांत जाते आणि तेथून अवघ्या दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूस क्षणभर बरे वाटते. परंतु रक्तातील निकोटीनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. यासच आपण तलफ म्हणतो. विडी बंद केली म्हणजे चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, वरचेवर भूक लागणे अशी लक्षणे दिसतात. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक तीव्र असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत ओसरतात. यातही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, एकेक तलफ फार काळ टिकत नाही. काही मिनिटे ती जोर करते व विडी न ओढताही उतरते.

दुसरे मूळ सवयीत आहे. सकाळच्या चहानंतर, जेवणानंतर, बांधावर विसावा घेताना, एस. टी. ची वाट पाहताना, मधल्या सुट्टीत, चारचौघांत गप्पा मारताना हात आपोआप खिशाकडे जातो. तेथे शरीराची मागणी असतेच असे नाही. वेळ, जागा, सोबत आणि बोटांची चाळवाचाळव यांनी मिळून ती सवय बांधलेली असते.

विडी ओढणाऱ्यांत एक समजूत फार रूढ आहे. विडी म्हणजे झाडाच्या पानात गुंडाळलेली थोडीशी तंबाखू. ती सिगारेटपेक्षा सौम्य असली पाहिजे, असे त्यांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी वारंवार विझू पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठी झुरके अधिक व जोराने घ्यावे लागतात. परिणामी निकोटीन, डांबरसदृश चिकट द्रव्य व कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू ही सिगारेटइतकीच, किंबहुना अधिक, शरीरात जातात.

'नैसर्गिक' या शब्दाची पारख

निसर्गात उत्पन्न झालेली वस्तू निर्धोकच असते, ही समजूत तंबाखूनेच खोटी ठरविली आहे. तंबाखूही एका झाडाचे पान आहे आणि युरोपात तिचा शिरकाव औषध म्हणूनच झाला. पोर्तुगालमधील फ्रेंच वकील झां निको याने १५६० च्या सुमारास ती गुणकारी वनस्पती म्हणून फ्रान्सच्या दरबारी पाठविली. निकोटीन हे नाव त्याच्याच नावावरून पडले.

आपल्याकडील कथा याहून बोधप्रद आहे. अकबर बादशहाचा वकील असद बेग हा विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला होता. तेथे त्यास तंबाखू प्रथमच पाहावयास मिळाली. परतताना, १६०४ च्या सुमारास, त्याने ती सुंदर चिलमीसह बरोबर नेली व बादशहास नजर केली. बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले. परंतु दरबारच्या वैद्याने हरकत घेतली. आपल्या जाणत्या लोकांनी जिची परीक्षा केलेली नाही, अशी वस्तू केवळ परके लोक वापरतात म्हणून स्वीकारू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याचे म्हणणे मागे पडले आणि तंबाखू देशभर पसरली. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने धूम्रपानास मनाई केली. पण तोपर्यंत उशीर झालेला होता.

त्या वैद्याने जी कसोटी तंबाखूस लावली, तीच कसोटी आज तंबाखू सोडविणाऱ्या झाडपाल्यास लावणे हे आपले काम आहे. वस्तू कोणती, तिची परीक्षा झाली आहे काय, किती मात्रा घ्यावयाची आणि कोणी घेऊ नये, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही पाला तोंडात घालू नये.

तीन वनस्पती, तीन निकाल

ही कसोटी तीन वनस्पतींना लावून पाहू.

पहिली वनस्पती युरोपातील आहे. तेथे लॅबर्नम नावाचा एक वृक्ष बागांतून लावतात. पिवळ्या फुलांचे घोस त्यास लोंबतात. त्याच्या बियांत सायटिसिन नावाचे द्रव्य असते. मेंदूत ज्या ठिकाणी निकोटीन जाऊन बसते, त्याच ठिकाणी हे द्रव्य बसते. त्यामुळे तलफ मंदावते आणि विडी ओढली तरी तिचे सुख पूर्वीइतके वाटत नाही. बल्गेरियात १९६४ साली या द्रव्याच्या गोळ्या विक्रीस आल्या. त्यांचा क्रम सुमारे २५ दिवसांचा असतो. पोलंडमध्ये ७४० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, वर्षभर तंबाखूपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण सायटिसिन घेणाऱ्यांत शेकडा ८.४, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत शेकडा २.४ आढळले. न्यूझीलंडमध्ये १,३१० लोकांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, एक महिन्याच्या अखेरीस सायटिसिन घेणाऱ्यांपैकी शेकडा ४० व निकोटीनयुक्त पट्टी, गोळी इत्यादी वापरणाऱ्यांपैकी शेकडा ३१ लोक धूम्रपानमुक्त होते. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सायटिसिनचा समावेश केला आहे. म्हणजे वनस्पतिजन्य उपाय खरा असू शकतो, हे येथे सिद्ध झाले आहे.

परंतु या यशाचा अर्थ नीट समजून घ्यावा. उपयोगी पडली ती मोजून मापून तयार केलेली गोळी. लॅबर्नमच्या कच्च्या बिया विषारी असून त्या खाल्ल्याने उलट्या होतात व प्रकृती गंभीर होऊ शकते. येथे आपल्या भागापुरता एक विशेष इशारा देणे अगत्याचे आहे. आपल्याकडील बहाव्याला इंग्रजीत 'भारतीय लॅबर्नम' असे नाव आहे. उन्हाळ्यात पिवळ्या फुलांनी डवरणारा, काळ्या लांब शेंगांचा हा वृक्ष सर्वांच्या परिचयाचा आहे. दोहोंच्या फुलांत साम्य असले तरी झाडे वेगळी आहेत. बहाव्याच्या शेंगेतील गर रेचक आहे. विडी सोडविण्याशी त्याचा संबंध नाही. नावाच्या साम्यावरून कोणी बहाव्याच्या शेंगा सुचवील, तर त्यास वेळीच थांबवावे.

दुसरी वनस्पती आपल्याच सह्याद्रीतील आहे. घाटमाथ्यावर पुरुषभर उंचीची, पांढऱ्या फुलांच्या तुऱ्याची व पोकळ दांड्याची देवनळ उगवते. तिची पाने तंबाखूसारखी दिसतात, म्हणून तीस रानतंबाखू असेही म्हणतात. तिच्या जातीची एक वनस्पती उत्तर अमेरिकेत होते. या जातीत लोबेलिन नावाचे द्रव्य असते. ते निकोटीनसारखे काम करील अशा आशेने अमेरिकेत लोबेलिनच्या गोळ्या पुष्कळ वर्षे विकल्या जात होत्या. परंतु त्यांनी धूम्रपान सुटते असा पुरावा न मिळाल्याने १९९३ साली तेथील औषध नियंत्रकांनी चिठ्ठीवाचून होणारी ही विक्री बंद केली. देवनळ विषारी आहे. ती पोटात गेल्यास मळमळ, ओकाऱ्या, घाम, कंप व झटके येऊ शकतात. सारांश, तंबाखूसारखी दिसणारी ही वनस्पती तंबाखू सोडवीत नाही. उलट स्वतःच घात करते. डोंगराळ भागातील शाळांनी मुलांनाही तिची ओळख करून देऊन तिच्यापासून दूर राहण्यास सांगावे.

तिसरी वनस्पती म्हणजे शेताच्या बांधावर व पडीक जागी तण म्हणून उगवणारी सहदेवी. हिची फुले लहान व जांभळट असतात. काही भागांत हीस सदोडी म्हणतात. थायलंडमध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांस या वनस्पतीचा काढा किंवा चहा देतात आणि त्या देशाच्या राष्ट्रीय औषधसूचीत तिचा समावेश आहे. तिच्यातील पोटॅशियम नायट्रेट या क्षारामुळे जीभ किंचित बधिर होते व धुराची चव बेचव लागू लागते, असे तिच्या गुणाचे स्पष्टीकरण दिले जाते. तेथे झालेल्या काही लहान परीक्षांत तिचा उपयोग दिसून आला आहे. मात्र मोठ्या प्रमाणावर, वेगवेगळ्या देशांत पारखून घेतलेला उपाय असे तीस अद्याप म्हणता येत नाही. शिवाय पोटॅशियममुळे मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांना ती अपायकारक होऊ शकते. बांधावरचे तण उपटून स्वतःच्या अंदाजाने काढा करणे इष्ट नाही. त्यावर फवारलेले तणनाशक किंवा कीटकनाशक पोटात जाण्याचे भय निराळेच. ज्यास सहदेवीचा अनुभव घ्यावयाचा असेल, त्याने नोंदणीकृत आयुर्वेदीय वैद्यांचा सल्ला घेऊनच घ्यावा.

तिन्ही वनस्पतींचे निकाल भिन्न आले, याचे आश्चर्य वाटावयास नको. एकीतून परीक्षित औषध निघाले, दुसरी घातक ठरली, तिसरीविषयी आशा आहे पण खात्री नाही. यावरून 'झाडपाला चांगला की वाईट' हा प्रश्नच अपुरा असल्याचे दिसून येईल.

स्वयंपाकघरातील जिन्नस

आता घराघरांत असणाऱ्या जिन्नसांकडे वळू. बडीशेप, ओवा, लवंग, वेलदोडा, दालचिनीचा तुकडा, सुकविलेला आवळा, आल्याचा मीठ लावलेला काप, लिंबाची फोड यांपैकी कशातही निकोटीनची जागा घेणारे द्रव्य नाही. त्यांपासून शरीराच्या मागणीवर औषधाइतका परिणाम होईल अशी अपेक्षा ठेवू नये. थायलंडमध्ये ताज्या लिंबाची व निकोटीनयुक्त चघळगोळीची तुलना करण्यात आली, तेव्हा तलफ शमविण्यात लिंबू गोळीइतके प्रभावी ठरले नाही.

तथापि त्यांचा उपयोग नाही असे म्हणणे चूक होईल. तलफ काही मिनिटे टिकते, हे वर सांगितलेच आहे. ती मिनिटे हातास व तोंडास काही काम हवे असते. चिमूटभर बडीशेप सावकाश चावण्यात, दालचिनीचा तुकडा दातांत धरण्यात किंवा आल्याचा काप चघळण्यात ती वेळ निघून जाते. म्हणजे हे जिन्नस व्यसनाच्या दुसऱ्या मुळावर, सवयीवर, काम करतात. ते स्वस्त आहेत, घरात आहेत आणि बेताने घेतल्यास बहुतेकांस निरुपद्रवी आहेत. ज्येष्ठमधाविषयी मात्र सावधगिरी हवी. ते रोज पुष्कळ चघळल्यास रक्तदाब वाढतो. रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी ते वर्ज्य करावे. मधुमेह असलेल्यांनी साखर लावलेली बडीशेप किंवा गोड गोळ्या घेऊ नयेत.

या ठिकाणी तीन पर्यायांचा स्पष्ट निषेध केला पाहिजे. पहिला, 'वनौषधींची विडी' वा सिगारेट. तिच्यात तंबाखू नसली तरी पाला जळतोच, आणि जळणाऱ्या पाल्यातून डांबरसदृश द्रव्य व कार्बन मोनॉक्साईड निघतातच. शिवाय ओठात धरणे, काडी ओढणे, झुरका घेणे ही सारी सवय ती जिवंत ठेवते. दुसरा, सुपारी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीस, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरविले आहे. तिसरा, मळलेली तंबाखू, मावा, खर्रा किंवा मशेरी. विडी टाकून तंबाखूची चिमूट दाढेखाली धरणारा मनुष्य आगीतून फुफाट्यात पडतो. हा धोका आपल्या राज्यात विशेष आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा ३.८, तर धूररहित तंबाखू वापरणारे शेकडा २४.४ आढळले होते.

उपायाचा अनुभव कसा घ्यावा?

केवळ निग्रहाच्या बळावर, कोणतेही साह्य न घेता विडी सोडू पाहणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरांत तीन ते पाचच असतात. म्हणून साह्य घेण्यात कमीपणा नाही. पुढील क्रम शिक्षकाने स्वतःसाठी वापरावा किंवा विचारणाऱ्यास समजावून सांगावा.

१. नोंद : प्रथम चार-पाच दिवस विडी सोडू नये; फक्त लिहावे. लहानशा वहीत प्रत्येक विडीची वेळ, जागा व सोबत यांची नोंद करावी. कोणती विडी शरीर मागते व कोणती केवळ सवय मागते, हे त्यावरून उघड होते. निरक्षर मनुष्याची नोंद त्याचे मूल ठेवू शकेल; मात्र ते त्याच्या संमतीने व्हावे, हेरगिरी म्हणून नव्हे.

२. दिवस : दोन आठवड्यांच्या आतील एक दिवस निश्चित करून तो घरच्या मंडळींस व एका मित्रास सांगावा. यात्रा, लग्नसराई किंवा परीक्षेचे दिवस टाळावेत.

३. तयारी : आदल्या रात्री कट्टा, काडेपेटी व थोटके खिशातून, पिशवीतून व टेबलाच्या खणातून काढून टाकावीत. बडीशेपेची डबी त्याच खिशात ठेवावी. कारण हात सवयीने तेथेच जाणार आहे.

४. पहिले तीन दिवस : तलफ येताच घड्याळात पाहावे, पेलाभर पाणी घोटघोट प्यावे, बडीशेप चावावी आणि बसल्या जागेवरून उठून दूर जावे. दहा मिनिटांनी पुन्हा घड्याळ पाहावे. तलफ उतरलेली आढळेल. चहा थोडा कमी करावा. धूम्रपान थांबल्यावर चहाकॉफीतील उत्तेजक द्रव्य शरीरात अधिक वेळ राहते व अस्वस्थता वाढविते.

५. सोबत : रोज एकदा मित्राने "आज कसे गेले?" एवढेच विचारावे. उपदेश करू नये.

६. घसरल्यास : एखादी विडी ओढली गेली तर सारे बुडाले असे मानू नये. तिची वेळ व कारण वहीत लिहावे आणि त्या कारणावर उपाय योजून पुढे चालावे. पुष्कळांना अनेक प्रयत्नांनंतरच यश येते.

७. वैद्यकीय साह्य : दोन-तीन प्रयत्न फसल्यास, किंवा सकाळी उठल्याबरोबर विडी लागत असल्यास, बडीशेपेवर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन निकोटीनयुक्त गोळी किंवा अन्य औषधाविषयी विचारावे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय साहाय्य दूरध्वनी विनामूल्य असून त्यावर समुपदेशन मिळते. मधुमेह, हृदयविकार, मानसिक विकार यांची औषधे चालू असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी कोणताही काढा वा गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांस विचारलेच पाहिजे.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, थुंकीत रक्त, घटणारे वजन किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर झाडपाल्याचा विचार बाजूस ठेवून प्रथम आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करावी. ती विनामूल्य होते. विडीचा खोकला समजून महिनोन् महिने काढे घेत राहिलेल्या माणसास क्षयरोग असू शकतो, आणि तोवर तो रोग घरातील मुलांपर्यंत पोहोचू शकतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असे होऊ देऊ नये.

क्षयरोग्यांच्याच संबंधातील एक परीक्षा आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बांगलादेश व पाकिस्तान या देशांत धूम्रपान करणाऱ्या २,४७२ क्षयरोग्यांवर सायटिसिनची परीक्षा झाली व तिचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांस सायटिसिन, निम्म्यांस दिखाऊ गोळी आणि सर्वांस सोडण्याविषयी समजुतीचा सल्ला, अशी योजना होती. सहा महिन्यांनी धूम्रपानमुक्त राहिलेले पहिल्या गटात शेकडा ३२.४ व दुसऱ्या गटात शेकडा २९.७ निघाले. दोहोंतील अंतर औषधाचा गुण म्हणता येईल इतके मोठे ठरले नाही. अन्यत्र उपयोगी पडलेले औषध तेथे फारसे पुढे जाऊ शकले नाही. पण दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे तिघांस एक या प्रमाणात लोक सुटले. आजाराची जाणीव आणि आपुलकीने दिलेला सल्ला यांचे बळ त्यामागे असावे, असे मानण्यास जागा आहे. असा सल्ला देणे शिक्षकाच्या हाती आहे. त्यास औषधालय लागत नाही.

शाळा आणि शिक्षक

२००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यान्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास, अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास बंदी आहे. शाळेचे आवार हे सार्वजनिक ठिकाण आहे, याचा विसर पडू देऊ नये. परंतु कायद्याचा फलक भिंतीवर लावून आपले काम संपत नाही. शिक्षक मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन विडी ओढून येतो, हे वर्गातील शेवटच्या बाकावरील मुलासही कळते. वास लपत नाही. उलटपक्षी गुरुजी विडी सोडीत आहेत, त्यांना जड जात आहे, तरी ते खिशातून डबी काढून बडीशेप चावीत आहेत, हेही मुलांस दिसते; आणि तो धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

वर्गात पुढील गोष्टी करता येतील. गणिताच्या तासास, रोज २० रुपये विडीवर जात असतील तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात, हे मुलांकडून काढून घ्यावे व तेवढ्यात घरात काय काय येईल याची यादी करावी. परिसर अभ्यासात बहावा, देवनळ व सहदेवी यांची चित्रे दाखवून, दिसण्यातील साम्यावरून गुणाचे अनुमान करू नये, हे शिकवावे. मुलांना दुकानातून विडी-काडी आणावयास पाठवू नये, अशी विनंती पालकसभेत करावी. मात्र वर्गात कोणत्याही मुलाच्या वडिलांचा नामोल्लेख करू नये. मुलाने घरी जाऊन बापास दोष द्यावा, हा आपला हेतू नाही. त्याने बडीशेपेची डबी भरून बापापुढे ठेवावी, हा आहे.

ब्रिटनमध्ये ३४,४३९ पुरुष डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षे पाहणी झाली. तिचा २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, धूम्रपान साठाव्या वर्षी सोडणाऱ्याचे आयुष्य सुमारे तीन वर्षांनी, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याचे सहा वर्षांनी, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याचे नऊ वर्षांनी आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांनी वाढते. म्हणजे सेवेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकापासून निवृत्तीस आलेल्या शिक्षकापर्यंत कोणासही उशीर झालेला नाही. मागे रेंगाळून प्रश्न विचारणाऱ्या पालकासही झालेला नाही.

म्हणून यापुढे जेव्हा कोणी विचारील की, विडी सोडण्यास झाडपाल्याचे औषध आहे काय, तेव्हा त्यास पुढीलप्रमाणे उत्तर द्यावे : घरातील बडीशेप तलफेची दहा मिनिटे निभावून नेईल; ओळख नसलेला पाला तोंडात घालू नकोस; खोकला जुना असेल तर उद्याच थुंकी तपासून घे; आणि सोडण्याचा दिवस ठरवून मला सांग, मी रोज विचारपूस करीन. यातील शेवटचे वाक्य पाळणे सर्वांत कठीण आहे. ते शिक्षकाने पाळावे, एवढीच विनंती आहे.